कंपनीचं हब पेज: आधी प्रश्न, मग फोल्डर

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना असो की कळंगुटचं हॉटेल, कंपनीच्या सर्चमध्ये ‘सुट्ट्यांची यादी’ टाकली की हमखास तीन-चार फाइली समोर येतात. एक पुण्या-मुंबईच्या मुख्यालयाची, एक गोव्याची, एक गेल्या वर्षीची आणि एक मंजुरीआधीची कच्ची. मुख्यालयाच्या यादीत १ मे महाराष्ट्र दिन असतो. गोव्याच्या यादीत ३ डिसेंबरचं सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) फेस्त आणि १९ डिसेंबरचा मुक्तिदिन. चुकीची फाइल उघडली की शिफ्टचं वेळापत्रक चुकतं, आणि ते निस्तरताना सुपरवायझर आणि एचआर दोघांचाही दिवस जातो.

यावर हब पेज, म्हणजे कंपनीच्या कामाच्या सगळ्या फाइलींच्या लिंका एकत्र देणारं पान, हा खरा इलाज आहे. मात्र त्याची अट कडक आहे: पेजवरच्या प्रत्येक प्रश्नाला, आज लागू असलेली एकच फाइल. हे जमत नसेल तर हब पेज म्हणजे त्याच गोंधळाची पाचवी प्रत.

बहुतेक कंपन्या सुरुवात विभागांपासून करतात. एचआर, अकाउंट्स, स्टोअर्स, क्वालिटी अशी बटणं आणि प्रत्येकाच्या आत फोल्डर. ही मांडणी विभागप्रमुखांना पटते, कामगाराला नाही. प्रवासखर्चाचा फॉर्म एचआरकडे की अकाउंट्सकडे, हे त्याला ठाऊक नसतं आणि ठाऊक असायची गरजही नाही. म्हणून काहीही बांधायच्या आधी पंधरा दिवस एक साधी शीट चालवावी. एचआर, अकाउंट्स, आयटी आणि अ‍ॅडमिन यांना फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, दारात उभं राहून जे जे विचारलं जातं, ते विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचं. ‘रजा कुठे टाकू’, ‘नवीन व्हेंडरला काय काय कागद लागतात’, ‘मटेरियल बाहेर न्यायला गेट पास कोण देतो’. सर्वांत जास्त वेळा आलेले दहा-बारा प्रश्न पहिल्या पानावर, त्याच शब्दांत. बाकीचे दुसऱ्या पातळीवर. पहिल्या पानावर चाळीस लिंक टाकल्या की लोक पुन्हा फोनच करतात.

मग फाइलींची मोजदाद. एका एक्सेलमध्ये फाइलचं नाव, आत्ता कुठे आहे, जबाबदारी कोणत्या पदाची, शेवटचा बदल कधी, कुणी पाहावी, आणि शेवटच्या कॉलममध्ये निर्णय: ठेवायची, अर्काइव्हला टाकायची की काढायची. ‘काढायची’ लिहिताना घाई नको. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात आणि जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. जुनी फाइल हबवरून हटवा, पण अर्काइव्हमध्ये ठेवा आणि अर्काइव्ह सर्चच्या वाटेतून बाजूला करा.

आता लिंकांबद्दल जरा सविस्तर, कारण हब पेज मोडतात ती इथेच.

मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमध्ये (कंपनीच्या अंतर्गत साइट आणि फाइलींची व्यवस्था) एखादी साइट हबला जोडली की तिला हबचा मेनू आणि रंगरूप मिळतं आणि हबचा सर्च तिच्यापर्यंत पोचतो. पण परवानग्या आपोआप बदलत नाहीत. हब सगळ्यांना दिसतं, लिंक दिसते, आणि क्लिक केल्यावर ‘ॲक्सेस नाही’. गूगल साइट्समध्येही हेच होतं: पान पब्लिश केलं तरी त्यात बसवलेली ड्राइव्हची फाइल स्वतंत्रपणे शेअर करावी लागते. म्हणून पेज तयार झालं की ते आयटीच्या खात्यातून तपासूच नये. त्या खात्याला सगळंच उघडतं. स्टोअर्समधल्या एखाद्या क्लार्कच्या साध्या खात्यातून प्रत्येक लिंक उघडून पाहावी. उलटा धोका जास्त गंभीर आहे. लिंक कॉपी करताना कंपनीतल्या कुणालाही चालेल असा पर्याय निवडला गेला, तर ती लिंक स्वतःच नवी परवानगी बनते आणि ती ज्याच्या हाती पडेल असा कंपनीतला कुणीही पगाराची शीट उघडू शकतो. हबवर टाकायच्या लिंकसाठी ‘पीपल विथ एक्झिस्टिंग ॲक्सेस’ (आधीच परवानगी असलेल्यांनाच उघडणारी लिंक) हाच पर्याय घ्यावा.

दुसरी खोट वैयक्तिक वनड्राइव्हची, म्हणजे मायक्रोसॉफ्टमधल्या प्रत्येकाच्या स्वतःच्या ऑनलाइन फाइलजागेची. कुणीतरी आपल्या वनड्राइव्हमधली फाइल हबवर जोडतो आणि वर्षभर सगळं सुरळीत चालतं. तो नोकरी सोडतो, खातं डिलीट होतं आणि मूळ सेटिंग तसंच असेल तर ३० दिवसांनी ते वनड्राइव्हही जातं. हबवर फक्त टीमच्या लायब्ररीतल्या किंवा शेअर्ड ड्राइव्हमधल्या फाइली जोडायच्या, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा.

तिसरी खोट फाइलच्या नावात असते. ‘सुट्ट्यांची यादी २०२५ फायनल’ अशी फाइल असेल तर पुढच्या वर्षी नवी फाइल येणार, आणि हबवरची लिंक जुनीच उघडत राहणार. चालू फाइलचं नाव वर्षाशिवाय ठेवावं: ‘सुट्ट्यांची यादी गोवा’. नवी यादी त्याच नावाने जुनीवर चढवावी. लिंक तीच राहते आणि मागची आवृत्ती व्हर्जन हिस्टरीत सापडते. वर्ष टाकायचं ते अर्काइव्हच्या प्रतीला. तारखेनुसार रचायच्या फाइलींना, म्हणजे मीटिंगची टिपणं, ऑडिटचे अहवाल यांना, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख सुरुवातीलाच द्यावी, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

देवनागरी नावं ठेवावीत का? पानाचं शीर्षक मराठीत जरूर असावं. फाइलच्या नावाचं मात्र तोलून ठरवावं. वेबच्या पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्यांच्या खुणांसकट ९ अक्षरं खातं. ‘रजा अर्ज’ एवढंसं नाव, पण काना आणि हलन्त धरून त्यात ७ चिन्हं. मधल्या जागेची ३ अक्षरं मिळवली की पत्त्यात ६६ अक्षरं होतात. चार फोल्डर खोल असं नाव असलं की मेलमध्ये पेस्ट केलेला पत्ता तीन ओळींचा होतो आणि मध्येच तुटतो. फाइलचं नाव छोटं आणि रोमनमध्ये, शीर्षकाच्या कॉलममध्ये पूर्ण मराठी नाव, अशी विभागणी सोयीची पडते.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. इथल्या कंपनीत एकच सूचना मराठी, कोकणी, इंग्रजी आणि कामगारांसाठी हिंदी किंवा कन्नडमध्येही असू शकते. जुन्या मराठी फाइली बऱ्याचदा युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. स्क्रीनवर मराठी दिसतं, पण सर्चला आत भलतीच रोमन अक्षरं दिसतात. ओळखायची रीत सोपी: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. कचरा उमटला तर फाइल जुन्या फॉन्टची. काहीच कॉपी होत नसेल तर ती नुसती स्कॅन केलेली प्रतिमा. रोज लागणाऱ्या फाइली युनिकोडमध्ये पुन्हा कराव्यात. बाकीच्यांसाठी वर्णनाच्या कॉलममध्ये पाच-सहा शोधशब्द लिहावेत, गावांच्या दोन्ही रूपांसकट: म्हापसा आणि मापुसा, फोंडा आणि पोंडा. इंग्रजी स्पेलिंगही त्यातच.

परवान्यांचं पान वेगळंच हवं, आणि तिथे फोल्डर नकोच, तक्ता हवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, कारखाना परवाना, अग्निशमनचा ना हरकत दाखला, हॉटेल असेल तर पर्यटन खात्याची नोंदणी आणि अबकारी परवाना, पंचायतीचा किंवा पालिकेचा व्यापार परवाना, जागेचा एक-चौदाचा उतारा. प्रत्येक ओळीत देणारं खातं, मुदत, अर्जाची तारीख, जबाबदार पद आणि चालू प्रतीची लिंक. मुदतीच्या ९० दिवस आधीची तारीख वेगळ्या कॉलममध्ये टाकून त्यावर आपोआप आठवण लावावी. मुदतवाढीचं काम चतुर्थीच्या आठवड्यात येत असेल तर आठवण आणखी पंधरा दिवस अलीकडे घ्यावी. त्या दिवसांत गोव्यात सही मिळणं कठीण.

औषधनिर्मितीच्या कंपन्यांनी एक पथ्य पाळावं. एसओपीची (लेखी ठरलेल्या कार्यपद्धतीची) पीडीएफ हबवर अपलोड करू नये. नियंत्रित डॉक्युमेंट सिस्टिममधल्या लागू आवृत्तीची फक्त लिंक द्यावी. ऑडिटरला हबवर मागची आवृत्ती सापडली, तर ‘ती नुसती माहितीसाठी होती’ हे उत्तर चालत नाही. शॉप फ्लोअरवर ज्यांना कंपनीचं खातंच नाही, त्यांच्यासाठी भिंतीवर क्यूआर लावूनही उपयोग नसतो, तो लॉगिनपाशीच थांबतो. तिथे नियंत्रित छापील प्रतच हवी आणि ती बदलायची जबाबदारी एका ठरलेल्या पदाकडे.

लायब्ररी मोठी होणार असेल तर प्रकार, विभाग, वर्ष असे कॉलम लवकर करून इंडेक्स करावेत, म्हणजे शोधसूचीत घालावेत. शेअरपॉइंटमध्ये एका व्ह्यूमध्ये ५००० हून जास्त नोंदी गाळायची वेळ आली की तो अडतो. ‘ताज्या फाइली’ आपोआप दाखवणारा भाग सर्चच्या इंडेक्सवर चालतो, त्यामुळे आत्ता टाकलेली फाइल तिथे लगेच दिसत नाही. तातडीचं परिपत्रक तिथे सोडून देऊ नये, वर हाताने लिंक लावावी.

रंग, बॅनर, फोटो यांवर अर्धा दिवस पुरे. प्रत्येक पानाच्या तळाशी मात्र दोन ओळी हव्यातच: हे पान कोणत्या पदाकडे आहे आणि पुढची तपासणी कधी. माणसाचं नाव नको, पद लिहावं आणि मेलही पदाचाच द्यावा. तपासणी तीन महिन्यांनी. त्या दिवशी पान सांभाळणाऱ्याने सगळ्या लिंका उघडायच्या, तीन महिन्यांत कुणीच न उघडलेल्या पहिल्या पानावरून खाली न्यायच्या आणि नव्याने विचारले जाणारे प्रश्न त्यांच्या जागी घ्यायचे. सलग दोन तपासण्या चुकलेलं पान मेनूतून काढावं. सांभाळणारा मिळाला की परत लावता येतं.