स्टॉकहोममध्ये वासा चुकवू नका

स्टॉकहोममध्ये वेळ कमी असेल, तर बाकी सगळं सोडा, पण वासा या जुन्या लाकडी युद्धनौकेचं संग्रहालय बघाच. टी-सेंट्रालेन या मध्यवर्ती मेट्रो स्थानकाहून ७ नंबरची ट्राम जवळ सोडते. पुण्याच्या उन्हाळ्यातून जाणार असलात तरी स्वेटर न्या. लाकडासाठी आत गारवा राखतात.

हे युद्धनौकेचं धूड १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बंदरातच बुडालं. वरचा भाग जड, तळातला भार अपुरा. वाऱ्याच्या झोताने ते कललं आणि उघड्या तोफखिडक्यांतून पाणी शिरलं. १९६१ मध्ये बाहेर काढलं तेव्हाही लाकूड शाबूत होतं, कारण बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारे शिंपले तग धरत नाहीत.

तोफखिडक्यांच्या झडपा निरखून बघा, आतून सिंहाचे चेहरे कोरलेत. किती देखणे!