तुम्ही विचारलंत म्हणून: मध न देणाऱ्या माशीबद्दल

अमेरिकेत टूसॉनला घरी येणारे पाहुणे आणि पुण्याहून फोन करणारे नातेवाईक मला एकच प्रश्न विचारतात: जिच्यापासून मधाचा थेंब मिळत नाही, त्या माशीसाठी तुम्ही एवढे का झगडता?

पूर्वी मी उपयोग सांगत असे. रानमाश्या परागीभवन करतात, त्यावर पिके अवलंबून असतात. ते खोटे नाही. पण पर्डिटा मिनिमासाठी ती वकिली मला आता पटत नाही. जेमतेम २ मिलिमीटरची ही माशी सोनोराच्या वाळवंटात जमिनीसरशी पसरणाऱ्या, आपल्या नायटीच्या कुळातल्या तणांच्या बारीक फुलांवर जगते. ती संपली तर कोणाचेही ताट रिकामे राहणार नाही. ऊन चढल्यावर वाळूत पालथे पडून पाहिले, तर आधी तिची सावली हलताना दिसते आणि मग ती फिकट पिवळी माशी. राणी नाही, कामकरी नाहीत; प्रत्येक मादी स्वतः बीळ खणते, परागाचा गोळा वळते आणि त्यावर अंडे घालते.

आमच्या वसाहतीच्या समितीने रस्त्याकडेची वाळूची पट्टी ‘स्वच्छ’ करायचे ठरवले, तेव्हा मी पत्र लिहिले, बैठकीत बोललो. जूनअखेर, पाऊस तोंडावर असताना माणसे आली. त्यांनी वाळलेली नायटी उपटली, जमीन दाबून सपाट केली, काळे कापड अंथरले आणि वर खडी ओतली. निदान पावसापर्यंत थांबा, असे मी मुकादमाला विनवले. खाली नुसती माती आहे, असे तो अगदी सौजन्याने म्हणाला. कीटकशास्त्रज्ञ ब्रायन डॅनफर्थ यांनी १९९९ साली पर्डिटा पोर्टालिस या हिच्याच गटातल्या दुसऱ्या माशीबद्दल दाखवून दिले होते की वाढ पूर्ण झालेल्या अळ्या जमिनीत वर्षानुवर्षे निद्रिस्त राहू शकतात, ओल लागली की जाग्या होतात, आणि तरीही सगळ्या एकाच वर्षी बाहेर पडत नाहीत. एखादा पाऊस दगा देऊन गेला तरी वंश बुडू नये, अशी ती सोय आहे. त्या कापडातून पाणी झिरपते, माशीला मात्र वर येता येत नाही. पहिल्या सरीनंतर मी कडेची खडी सारून कापड उचलले, तर खालची वाळू ओली होती. त्याबद्दल मला दंडाची नोटीस आली.

माणसांपेक्षा मला माश्या मोठ्या वाटतात, हा आरोप मला मान्य नाही. पण आता त्याच समितीला ‘मधमाश्या वाचवा’ म्हणून मधपेट्या ठेवायच्या आहेत. ती मधमाशी युरोपीय वसाहतकारांनी १७व्या शतकात अमेरिकेत आणली. एकेका पेटीत हजारो माश्या असतात आणि परिसरातला पराग व मकरंद त्याही नेतात. मुलांना निदान त्या माश्या दिसतील तरी, असे शेजारच्या बाई म्हणतात, आणि त्यावर मला अजून उत्तर सापडलेले नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवासाठी कोणी हात आवरता घ्यावा, हे मी कोणत्या तोंडाने मागू?

तरीही पेट्यांऐवजी ओढ्याकडची थोडी वाळू उघडी सोडा, अशी मागणी मी लेखी दिली आहे. त्या माशीचा उपयोग काय, असे विचारले तर या वेळी मी पिकांचे नाव घेणार नाही.