गाड्या चालवायच्या कुठे?

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर आज सिग्नल तिसऱ्यांदा हिरवा झाला, तरी आमची रिक्षा जागची हलेना. शेजारी नव्या टॉवरचा फलक: 'प्रशस्त पार्किंग'.

रिक्षावाले काका फलकाकडे बघत म्हणाले, "गाड्या ठेवायला जागा दिली हो. त्या चालवायच्या कुठे?"

दिवसभर तेच डोक्यात. बांधकाम परवानगी घेताना विकास शुल्क (रस्त्यांसारख्या सार्वजनिक सोयींसाठी घेतलं जाणारं) भरावं लागतं; १९६६ च्या नगररचना कायद्यातच तशी तरतूद आहे. जादा एफएसआय (म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकाम) हवा तर प्रीमियम, म्हणजे जादा रक्कम, वेगळा. शेवटी ते सगळं फ्लॅटच्या किमतीत येतंच की. (मी स्वतः सातव्या मजल्यावर राहतो, हे आधीच कबूल.)

मग माझ्या वाट्याच्या शुल्कातून नेमका कुठला रस्ता रुंद झाला? तुमच्यापैकी कुणी कधी विचारलंय?