लाल दोरी

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर हळदकुंकवाची बोटं, पुढच्या चाकाखाली लिंबू. दादाने हौसेने बटण दाबलं. सेल्फ फिरला, लिंबू तसंच राहिलं, गाडी काही चालू होईना.

गाडी म्हणजे नागावच्या समुद्रावर पोरांना चक्कर मारून आणायची छोटी चारचाकी एटीव्ही. ११० सीसी, फुगऱ्या टायरांची, बसली की बेडकासारखी दिसते. दादा माझा आतेभाऊ. पावसाळाभर किनाऱ्यावरचा धंदा बंद, तेव्हा चार महिने ती वाडीतल्या खोपीत ताडपत्रीखाली होती. दिवाळीची गर्दी तोंडावर आलेली.

बंद पडलेल्या गाडीभोवती माणसं कशी जमतात, हे सांगायला नको. अण्णांनी ओटीवरून फर्मान काढलं, "आडवी करा रे तिला." अण्णांनी आयुष्यभर चेतक चालवली. ती पिढी अशीच. स्कूटर रुसली की कलवायची, दोन श्वास थांबायचं, सरळ करून किक मारायची, आणि आश्चर्य म्हणजे ती चालूही व्हायची. कलवली की पेट्रोल कार्बोरेटरात, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भांड्यात, उतरतं, हे त्यामागचं शास्त्र. पण चार चाकांवर पसरलेलं हे धूड कलवायचं कसं? शेजारच्या वाडीतल्या दोघांनी धक्का स्टार्ट सुचवला, आणि आम्ही 'नको' म्हणेपर्यंत फाटकापर्यंत ढकलत नेलीसुद्धा. तिचा क्लच ऑटोमॅटिक. इंजिनाने वेग घेतल्याशिवाय तो चाकाला इंजिनाशी जोडतच नाही. म्हणजे ढकलणाऱ्यांचा व्यायाम झाला, इंजिनाला पत्ताही लागला नाही.

मग मी बाह्या सरसावल्या. मी काही मेस्त्री नाही, पण इंजिनाला तीनच गोष्टी लागतात हे मला ठाऊक आहे: पेट्रोल, हवा आणि वेळेवर करंट. तिन्ही मिळूनही गाडी अडली तर मग सिलिंडरमधल्या दाबाचं बघायचं, आणि तिथे मात्र माझी विद्या संपते.

पेट्रोलपासून सुरुवात केली. टाकीचं झाकण उघडलं तर वास पेट्रोलचा नव्हे, जुन्या रंगाच्या डब्याचा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी धरून ठेवतं, आणि कोकणातला पावसाळा म्हणजे हवेत पाणीच पाणी. पाणी जास्त झालं की इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि कार्बोरेटरकडे जाणारी नळी तळातूनच निघते. कार्बोरेटरची वाटी उघडली, तर तळाला हिरवट, चिकट थर, कळकलेल्या पितळी भांड्यासारखा. आतल्या लहान जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. त्यातून आभाळाकडे पाहिलं तर अंधार. फुंकर मारली, पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलं, शेवटी वायरीतली तांब्याची एक तार सोलून हळूच घातली. पलीकडे मोहरीएवढा उजेड दिसला, तेव्हा मला झालेला आनंद मी कुणाला समजावू शकलो नाही. पुतण्याला दाखवलं. तो म्हणाला, "काका, एवढंसं?"

हवेच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. तेही पाडलं. मला वाईट वाटलं, कारण बांधकाम दादाच्या खोपीपेक्षा सरस होतं.

प्लग काढायला वाकलो, तेव्हा लक्षात आलं की हे इंजिन मला ओळखीचं आहे. सिलिंडर उभा नाही, जवळजवळ आडवा, पुढे तोंड करून झोपलेला. होंडाने १९५८ साली सुपर कब ही छोटी दुचाकी काढली, तिचं इंजिन असंच आडवं. आपल्याकडे हीरो होंडा स्ट्रीट आली ती त्याच घरातली. पोरांच्या या छोट्या एटीव्हींमध्ये बसतात ती चिनी इंजिनंही त्याच वळणाची. गाडीचं मूळही होंडाकडचंच म्हणायचं. १९७० साली होंडाने अमेरिकेत अशा फुगऱ्या टायरांची तीनचाकी विकायला काढली, का तर हिवाळ्यात मोटरसायकली खपत नाहीत. तीनचाकी वळणावर उलटायच्या, माणसं जखमी व्हायची. १९८८ पर्यंत तिकडे त्यांची विक्री बंद झाली आणि चौथं चाक कायमचं आलं. म्हणजे अण्णा जी आडवी करायला सांगत होते, ती आडवी होऊ नये म्हणूनच चारचाकी झाली होती.

नवं पेट्रोल भरलं, गाडी तरीही गप्प. आता करंट. पेट्रोलची बाटली दूर नेऊन ठेवली, प्लग टोपीत खोचून त्याचा आटा इंजिनाच्या धातूला टेकवला, वर पंचाची सावली धरली आणि दादाला सेल्फ मारायला सांगितलं. निळी ठिणगी चट्‌कन उडायला हवी. काहीच नाही. नवा प्लग लावला, तरी काही नाही.

या गाड्यांना नाही म्हणायला शिकवलेलं असतं. ब्रेक धरल्याशिवाय सेल्फ फिरत नाही. हँडलवर लाल बटण असतं. मागे एक लाल दोरी असते, तिचं टोक मोठ्या माणसाने धरून मागे चालायचं. पोर घाबरलं किंवा सुसाट सुटलं की दोरी खेचायची, गाडी जागच्या जागी बंद. हा बंदोबस्त साधा आहे: करंट देणाऱ्या डब्यातून एक वायर येते, ती गाडीच्या सांगाड्याला टेकली की ठिणगी मरते. बटण काय आणि दोरी काय, दोघांचं काम तेवढंच.

"दादा, दोरी कुठंय?"

दादा नारळाकडे बघायला लागला. "हरवली रे गेल्या मे महिन्यात. वायर कापून टेप लावून टाकला. डायरेक्ट."

मागे हात घातला. टेप पावसाने सुटून लोंबत होता आणि वायरीचं उघडं टोक गंजलेल्या सांगाड्याला टेकून बसलं होतं. नकार कापून टाकला होता, आणि चार महिने तो एकटाच नेमाने बजावला जात होता.

टोक उचललं. ब्रेक धरला, चोक ओढला, सेल्फ मारला. गाडी खोकली, पांढरा धूर सोडला आणि धडधडायला लागली. चाकाखाली पुन्हा ठेवलेलं लिंबू फुटलं. अण्णा ओटीवरून म्हणाले, "बघा, ढकलताना कललीच असणार."

दादाने लगेच टेपची गुंडाळी काढली. आत्या तोवर बाहेर आली होती. "ती दोरी लावल्याबिगर माझ्या नातवाला तिच्यावर बसवायचं नाही," एवढंच म्हणाली आणि आत गेली. दुपारी दादा अलिबागहून नवा स्विच आणि दोरी घेऊन आला. लावली, खेचून बघितली, बंद झाली. परत लावली, चालू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दादाने मला हलवून उठवलं. सेल्फ फिरतोय, गाडी चालू होत नाही. आम्ही पेट्रोल बघितलं, प्लग काढला, कार्बोरेटरला पुन्हा हात घालणार, तेवढ्यात पुतण्या शाळेला निघाला. त्याच्या पाण्याच्या बाटलीला नवी कोरी लाल दोरी होती.