आधी पोलीस ठाणं, मग बिशप हाऊस

फादरांबद्दल लैंगिक अत्याचाराची तक्रार कानावर आली की आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) ठरलेली वाट धरली जाते. आधी प्रमुख धर्मगुरू, मग पॅरिश कौन्सिलमधले दोन-चार वजनदार लोक, मग बिशप हाऊस, म्हणजे बिशपांचं कार्यालय. पोलीस सगळ्यात शेवटी, तेही कुणी फारच हट्ट धरला तर. ही वाट उलटी चालायला हवी.

पीडित 18 वर्षांखालचा असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं कलम 19 लागतं. गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवायचं. धर्मशिक्षणाच्या टीचर, क्वायर मास्तर, सिस्टर, बिशप, शेजारी, कुणीही यातून सुटत नाही. कळवलं नाही तर कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ‘बिशपांच्या कानावर घातलंय’ हे कायद्याच्या लेखी कळवणं नव्हे. पुरावा गोळा करणंही आपलं काम नाही. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हे कलम 19 मध्येच लिहिलं आहे.

मुंबईत शिवाजीनगर भागात 2015 मध्ये 13 वर्षांच्या मुलावर धर्मगुरूने अत्याचार केला. कुटुंब कार्डिनलांना भेटलं आणि पोलिसांकडेही गेलं. विशेष पॉक्सो न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती डिसेंबर 2021 मध्ये. खटला शक्यतो एका वर्षात संपवावा असं कायदा म्हणतो; इथे सहा वर्षं गेली. म्हणजे कुटुंबाला लागणारा आधार आठवड्याभराचा नसतो, याची गाठ मनाशी आधीच बांधून ठेवा.

पहिल्या दिवशीच्या चुका सगळ्यात महाग पडतात. त्यातली पहिली म्हणजे मुलाची उलटतपासणी. आई विचारते, मग काका, मग कौन्सिलचे लोक. दर वेळी शब्द थोडे बदलतात आणि पुढे आरोपीचा वकील नेमक्या त्याच फरकावर बोट ठेवतो. मुलाने ज्याला पहिल्यांदा सांगितलं, त्याने मुलाच्याच शब्दांत लिहून काढावं, तारीख-वेळ घालावी, सही करावी आणि प्रश्न थांबवावेत. घटना ताजी असेल तर आंघोळ नको, कपडे धुणं नको. कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि नमुने खराब होतात. एचआयव्ही टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. वैद्यकीय तपासणीसाठी एफआयआर होईपर्यंत थांबायचं कारण नाही, कलम 27 तसंच सांगतं. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच करायची.

‘हद्द आमची नाही’ असं उत्तर ठाण्यात मिळालं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवला जाणारा गुन्हा, मागा. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेता येतो. शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यावा, गणवेश नसावा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका. पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. समितीकडे मुलासाठी सहायक व्यक्ती (तपास आणि खटल्यात मुलाला साथ देणारा माणूस) मागा, बरेच पालक हे मागायचंच विसरतात. महाराष्ट्रात पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. काहीच सुचेना तर मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 फिरवा.

आता बिशप हाऊस. तोंडी सांगू नका. पत्र द्या आणि पोच घ्या. पोप फ्रान्सिस यांचा 2019 चा ‘व्होस एस्तिस’ हा आदेश 2023 मध्ये सुधारून कायम झाला. त्यानुसार तक्रार करणाऱ्यावर गप्प राहण्याची अट घालता येत नाही. अशा प्रकरणांवरचं ‘पोपीय गुपित’, म्हणजे चर्चचा कडक गुप्ततेचा नियम, डिसेंबर 2019 मध्येच उठलं. तरीही ‘रोमचा नियम आहे, बाहेर बोलू नका’ हे वाक्य अजून ऐकू येतं. तक्रार बिशपांविरुद्धच असेल तर ती प्रांताच्या आर्चबिशपांकडे किंवा दिल्लीत पोपच्या राजदूतांकडे द्यायची.

‘कॅनन लॉप्रमाणे (चर्चच्या स्वतःच्या कायद्याप्रमाणे) चौकशी सुरू आहे’ या उत्तरावर परत येऊ नका. कॅनन 1717 खालच्या प्राथमिक चौकशीचा आदेश कोणत्या तारखेचा आहे? फादर आज कुठे राहतात, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करतात का, मुलांमध्ये वावरतात का? कागदपत्रं रोमला, धर्मतत्त्व विभागाकडे गेली का? हे तीन प्रश्न लेखी विचारा. दुसऱ्या धर्मग्रामात बदली हे उत्तर नव्हेच. तिथेही वेदीसेवक, म्हणजे मिस्सेत मदत करणारी मुलं, असतात.

पापनिवेदनात (कन्फेशनमध्ये) ऐकलेलं सांगता येत नाही, हा मुद्दा हमखास निघतो. कॅनन 983 ची गुप्तता ऐकणाऱ्या धर्मगुरूवर असते. पाकगृहात, शाळेत किंवा ऑफिसात ऐकलेल्या गोष्टीला ती लागत नाही.

पीडित प्रौढ असेल, सिस्टर असेल, तर पोलिसांकडे जायचं की नाही हे तिने ठरवायचं. तिच्या वतीने धावपळ करू नका. चर्चच्या शाळा, दवाखाने, कार्यालयं यांत दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवीच. तिथे तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद ठेवा, असं म्हणून कुणी ऐकत नाही. निदान एवढं ऐका. पीडिताचं नाव, शाळा, आळी, आईबापांचं नाव यांतलं काहीही लिहिणं गुन्हा आहे, सहानुभूतीने लिहिलं तरी. आणि फादरांसाठी जाहीर नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) ठेवली की ते कुटुंब दुसऱ्या रविवारपासून मिस्सेला येत नाही. फादरांसाठी प्रार्थना करायची तर घरी करा. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला कुटुंबासोबत दोन माणसं जातील अशी पाळी लावा.

आणखी एक. कॅनन 537 प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असावीच लागते, आणि तिच्यात आपण प्रापंचिकच (धर्मगुरू नसलेले सामान्य लोक) बसतो. आरोपीच्या वकिलाची फी दानपेटीतून जाते आहे का, हे पुढच्या बैठकीत विचारा. ‘एक रुपयाही नाही’ असं उत्तर आलं तर तेही मिनिटबुकात लिहून घ्या.