जर्मनची वही, आठवडा १८: 'मीअर' म्हणजे 'मला'

मागच्या नोंदीत चतुर्थीपाशी थांबले होते. चार आठवडे आम्ही चौघी तिथेच होतो. संध्याकाळी तासभर भेटायचं, एकीने प्रकरण समजावायचं, बाकीच्यांनी वाक्यं करायची, हा क्रम सुरू होता. शब्दांच्या चिठ्ठ्याही सहाशेच्या पुढे गेल्या होत्या. तरी बोलताना विभक्ती हटकून चुकायची. कारण सापडलं ते असं, की आम्ही प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत जुळवत होतो आणि मग जर्मनमध्ये नेत होतो. दहाव्या आठवड्यापासून इंग्रजी मधून काढली आणि थेट मराठीवरून जायला लागलो. या नोंदीत मुख्यतः त्याबद्दलच लिहिते आहे, कारण मराठीतून जर्मन शिकणाऱ्या प्रत्येकाला याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

पहिला धक्का 'मीअर इस्ट काल्ट' या वाक्याने दिला. 'मला थंडी वाजतेय.' इंग्रजीवरून आलो की 'इश बिन काल्ट' तोंडात येतं, आणि त्याचा अर्थ 'मी थंड स्वभावाची आहे' असा होऊ शकतो. मराठीत थंडी वाजते ती 'मला', आणि जर्मनमध्येही 'मीअर'. पुढे 'एस गेफेल्ट मीअर', म्हणजे 'ते मला आवडतं'. 'मला' आलं की 'मीअर' शोधायचं, ही सवय आठवड्याभरात लागली.

पण इथेच खड्डाही आहे. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींचा प्रत्यय 'ला'. 'मी तुला बघते' आणि 'मी तुला देते' यांतला 'तुला' ऐकायला एकच. जर्मनला मात्र दोन वेगळे शब्द लागतात: 'इश झेए डिश', पण 'इश गेबे डीअर'. यावर आमच्यातल्या एकीने उपाय काढला. मराठी वाक्यात 'तुला'शिवाय आणखी एक कर्म दडलंय का ते बघायचं. 'तुला मदत करते' यात 'मदत' आहे, म्हणून 'इश हेल्फे डीअर'. 'तुला उत्तर देते' यात 'उत्तर' आहे, म्हणून 'इश आंटवोर्टे डीअर'. 'तुला बघते' यात दुसरं काही नाही, म्हणून 'डिश'. दोन दिवस आम्ही भलत्याच खुशीत होतो. मग 'विचारणे' आलं. 'तुला प्रश्न विचारते' यात 'प्रश्न' स्पष्ट दिसतो, तरी जर्मन म्हणते 'इश फ्रागे डिश'. तेव्हा ही युक्ती वापरा, पण 'फ्रागन'साठी लाल शाईची वेगळी चिठ्ठी ठेवा.

लिंगांबद्दल. तीन लिंगं ऐकून इतर भाषांचे लोक घाबरतात. आपल्याला तो, ती, ते जन्मापासून ठाऊक आहे, म्हणून डेअर, डी, डास ही कल्पना समजवावी लागत नाही. कुठल्या शब्दाला कुठलं, हे मात्र मराठीवरून ठरवता येत नाही. चमचा, काटा, सुरी घ्या: जर्मनमध्ये डेअर ल्योफेल, डी गाबेल, डास मेसर. चमचा जुळला, काटा स्त्रीलिंगी झाला, सुरी नपुंसकलिंगी. सूर्य तर 'डी झोने', स्त्रीलिंगी. म्हणून शब्द एकटा पाठ करायचा नाही, पुढचा डेअर-डी-डास घेऊनच करायचा. थोडा आधार शेवटच्या अक्षरांचा. 'हाइट', 'काइट', 'शाफ्ट', 'उंग' या प्रत्ययांनी बनलेली नामं स्त्रीलिंगी. आपल्या 'ता'सारखंच: सुंदरता ती, 'श्योनहाइट' डी. आणि लहानपणा दाखवणारा 'शेन' लागला की नपुंसकलिंग, त्यामुळे मुलगीसुद्धा 'डास मेडशेन'. 'ते लेकरू' म्हणणाऱ्यांना यात खटकण्यासारखं काही नाही.

आकडे. एकीने आकडे वाचायचे आणि तिघींनी लिहायचे, हा खेळ आम्ही रोज पाच मिनिटं खेळतो. सत्तावीस म्हणजे आधी सात, मग वीस; 'झीबन-उंट-त्स्वान्सिश' अगदी तसंच. इंग्रजीतून ऐकत होतो तेव्हा २७ च्या जागी ७२ लिहिलं जायचं, ते बंद झालं. अडखळतो फक्त एकोणतीस, एकोणचाळीसपाशी, कारण आपण पुढच्या दशकाकडून मोजतो आणि जर्मन 'नऊ-आणि-वीस' म्हणते.

घड्याळात मला सर्वांत जास्त आनंद झाला. 'हाल्प द्राय' याचा शब्दशः अर्थ 'अर्धा तीन', पण वेळ अडीचची. पहिल्यांदा आम्ही सगळ्यांनी साडेतीन लिहिलं. नंतर शब्दाचं मूळ शोधलं, तर आपला 'अडीच' संस्कृत 'अर्धतृतीय'वरून आलेला: तिसरा अर्धा. तोच हिशोब! जर्मनमध्ये दीडसाठी 'आंडरटहाल्प' आहे, म्हणजे 'दुसरा अर्धा'. हे कळल्यापासून चौघींपैकी एकीचीही वेळ चुकलेली नाही.

उच्चारांचं थोडक्यात: जर्मन 'त्स' हा चाकातला 'च', चहातला नव्हे. 'ऊ'वर दोन टिंबं असतील तर ओठ 'ऊ'चे ठेवून 'ई' म्हणायचं. आरशासमोर दोन दिवसांत जमतं.

वाक्यरचनेत मुख्य वाक्याचं क्रियापद दुसऱ्या जागी, ते अजून हुकतं. पण 'वाइल' आलं की क्रियापद शेवटी जातं आणि आपण घरी पोचतो. 'वाइल एस मीअर गेफेल्ट': कारण, ते, मला, आवडतं. शब्दाला शब्द लावून बघा, क्रमसुद्धा बदलावा लागत नाही. हे वाक्य फळ्यावर लिहिलं तेव्हा आम्ही चौघींनी ते एकापाठोपाठ एक मोठ्याने वाचलं, आणि त्या संध्याकाळी पुढचं प्रकरण उघडलंच नाही.

आता भूतकाळ. 'इश बिन गेगांगन', मी गेले. 'इश हाबे आइन बूख गेलेझन', मी पुस्तक वाचलं. मराठीत पहिल्यात क्रियापद माझ्याप्रमाणे चालतं, दुसऱ्यात पुस्तकाप्रमाणे. जर्मनमध्ये बदलतं ते सहायक क्रियापद: 'बिन' की 'हाबे'. येणे, जाणे, पडणे, उठणे इथपर्यंत दोन्हींची विभागणी जुळली. काल 'झोपणे' तपासलं: मराठीत 'मी झोपले', 'गेले'सारखंच, पण जर्मनमध्ये 'इश हाबे गेश्लाफन'. जागा किंवा अवस्था बदलली तर 'बिन', नाहीतर 'हाबे', असं पुस्तक सांगतं. या आठवड्यात चाळीस क्रियापदं दोन रकान्यांत मांडतो आहोत. आत्तापर्यंत सोळा झाली. बसणे आणि हसणेही 'झोपणे'च्याच रकान्यात गेली आहेत.