नैसर्गिक रंग का सोडले?

प्रदर्शनात कुडता हातात घेतलेल्या बायका विचारतात, कॉलेजच्या मुली प्रोजेक्टसाठी येऊन विचारतात: "ताई, नैसर्गिक रंग का सोडलेत?" परवडत नसेल, असं त्यांनी धरलेलंच असतं. मीही "हो, तसंच" म्हणून विषय संपवत आले. ते खोटं होतं. परवडत होतं. डाळिंबाच्या सालीचे शेवाळी कुडते तर सगळ्यांत आधी संपायचे.

पण तो शेवाळी रंग एकट्या सालीचा नव्हता. रंग कापडाला धरावा म्हणून सोबत काहीतरी घालावं लागतं: साल तुरटीवर पिवळी उतरते, हिराकसावर (लोखंडाचा क्षार) राखाडी, आणि मोरचुदावर (तांब्याचा क्षार) शेवाळी. किलोभर कापडाला वीस-तीस ग्रॅम मोरचूद मी घालायची. कापड ते सगळं धरत नाही. उरलेलं पाणी शेडमागच्या खड्ड्यात जायचं. चार वर्षं गेलं. आणि लेबलवर मी छापलं होतं, 'मातीतून आलेलं, मातीत जाणारं'.

आमची शेड तासगावच्या बाजूला, द्राक्षबागांना लागून. जूनमधल्या एका रात्री पाऊस असा कोसळला की खड्डा भरून वाहिला आणि पाणी शेजारच्या काकांच्या जमिनीलगतच्या टाक्यात उतरलं. सकाळी त्यांनी हाक मारली. टाक्यात गप्पी मासे उलटे तरंगत होते. डासांसाठी म्हणून त्यांच्या नातवानेच ते आरोग्य केंद्रातून बाटलीत आणून सोडले होते. तो काठावर उकिडवा बसून चहाच्या गाळणीने एकेक बाहेर काढत होता. मला म्हणाला, "आत्या, परत मागितले तर देतील का?"

काकांनी विचारलं, पाण्यात काय होतं. मी म्हटलं, "नैसर्गिक रंग आहे काका. डाळिंबाची साल." त्या मुलासमोर उभं राहून मी हेच म्हटलं.

ते काही न बोलता शेडमध्ये गेले आणि चुलीशेजारची पिशवी उचलून आणली. "हे मोरचूद आहे पोरी. बागेवर फवारायच्या बोर्डोला आम्ही शंभर लिटरला किलोभर घेतो, बरोबर चुना घालतो, मारताना तोंड बांधतो. तू ह्यात काय घालत होतीस?"

मी काहीच घालत नव्हते.

ड्रेस डिझायनिंगच्या दोन वर्षांत आम्हाला रंगाईचं प्रॅक्टिकल होतं. रंग एकसारखा चढला की मार्क मिळायचे. तास संपला की बादल्या बेसिनमध्ये रिकाम्या व्हायच्या, मॅडमसमोर. ते पाणी कुठे जातं, हे कुणी शिकवलं नाही. ही सबब मी बरेच दिवस धरून होते. पण पिशवीवरची विषाची सूचना मराठीत होती, आणि ती मी चार वर्षांत एकदाही वाचली नव्हती. झाडाची साल वापरतो म्हटल्यावर पुढचं काही विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग चुना घालून काम चालू का नाही ठेवलं? ठेवलं होतं, दोन महिने. चुन्याने तांबं खाली बसतं, वरचं पाणी नितळ होतं. खाली उरतो निळा गाळ. तो कुठे टाकायचा, हे मी विचारत फिरले. कुणी म्हणालं पुरून टाक, कुणी म्हणालं एवढ्याशा गाळाचं काय घेऊन बसलीस.

नुसत्या तुरटीवर थांबता आलं असतं. पिवळ्यावर. का नाही थांबले, ह्याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. भीती बसली होती, एवढं खरं.

आता मी रंगवलेलं कापड विकत आणते. सुती कापडाच्या रंगाईत मीठ किती ओततात आणि धुताना किती रंग वाहून जातो, हे आता मला माहीत आहे. तमिळनाडूतल्या नोय्यल नदीच्या प्रदूषणापायी 2011 साली मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरचे रंगाई कारखाने बंद करायला लावले होते, हेही वाचलं आहे. म्हणजे खड्डा माझ्या शेडमागून उठून दुसऱ्या कुणाच्या गावात गेला असेल. लेबल मात्र मी काढून टाकलं.

गाळाचा ड्रम अजून शेडमध्येच आहे, झाकण घट्ट लावून. प्रोजेक्टवाल्या मुली आल्या की आधी तो उघडून दाखवते आणि विचारते, ह्याचं काय करू? मागच्या खेपेला एकीने वहीत तो प्रश्न लिहून घेतला. तिची मी वाट बघते आहे.